हैबतीचा दिवा

फार जुन्या काळी, डोंगरांच्या उतरणीला एक राज्य होते. किती जुन्या काळी, ते मला विचारू नका. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली, आणि इतक्या वर्षांत डोक्यातले आकडे जागचे हलतात. पेव बारा हात खोल होते असे मी कधी सांगतो, कधी पंधरा हात. पंडित घोड्यावरून आला की बैलगाडीतून, हेही आता नक्की आठवत नाही. दिव्याबद्दल मात्र माझी चूक होत नसावी. निदान मला तसे वाटते.

त्या राज्याच्या राजाची एक अडचण होती. त्याचे अंमलदार दूरच्या मुलखांतून आलेले असत आणि इथल्या लोकांचे बोलणे त्यांना कळत नसे. शेजाऱ्याने माझ्या तोंडाला पाने पुसली, अशी कोणी तक्रार केली, की अंमलदार पाने शोधायला माणूस पाठवी. चोर पहारेकऱ्याच्या हातावर तुरी देऊन पळाला असे कळले, की तुरी जप्त करण्याचा हुकूम सुटे. लोक आधी हसले. पुढे त्यांना न्याय मिळेना, तेव्हा ते हसायचे थांबले.

मग राजाने आपल्या पंडिताला बोलावले. "आपले लोक जे जे बोलतात, ते सगळे गोळा करा," तो म्हणाला. "प्रत्येक बोलण्यापुढे त्याचा अर्थ लिहा. असा एक ग्रंथ करा, की कुठल्याही अंमलदाराने तो उघडावा आणि समोरच्या माणसाचे मन त्याला कळावे."

काम चांगले होते. पंडितही चांगला होता, हे मला आधीच सांगितले पाहिजे. तो आळशी नव्हता, लाचखाऊ नव्हता. तो फक्त आपल्या बैठकीवरून उठला नाही.

त्याने गावोगावी जासूद पाठवले. जासूद चावडीवर जात, पाटलाला विचारत, लिहून आणत. पंडित ते कागद पुढे घेऊन बसे. कानांवर हात ठेवणे म्हणजे आपल्याला काही ठाऊक नाही असे दाखवणे. डोळ्यांत तेल घालणे म्हणजे फार सावध राहणे. असे तो लिहीत गेला, आणि बरेचसे बरोबर लिहीत गेला. जिथे एखादे बोलणे कशावरून आले ते कळत नसे, तिथे तो डोळे मिटून विचार करी, आणि विचारातून जे निघेल ते शाईने लिही.

एक दिवस एका जासुदाने एका खोऱ्यातून नवा शब्दप्रयोग आणला. "हैबतीचा दिवा लावणे."

"अर्थ काय सांगितला?" पंडिताने विचारले.

"पाटील म्हणाले, उगाच वेळ काढणे. कोणी कामाला उशीर केला की त्या खोऱ्यात म्हणतात, काय रे, हैबतीचा दिवा लावून बसलास का."

"आणि हा हैबती कोण?"

"पेवं उघडणारा कोणी होता म्हणे. भर दुपारी दिवा लावायचा. आता हयात नाही."

पंडिताने डोळे मिटले. भर दुपारी दिवा. सूर्य डोक्यावर असताना दिवा लावून बसणारा माणूस कसा असेल, ते त्याला लगेच दिसले. त्याने लिहिले: हैबती नावाचा एक मूर्ख होता. काम टाळण्यासाठी तो भर दुपारी दिवा लावून बसे. त्यावरून, हैबतीचा दिवा लावणे म्हणजे उगाच वेळ काढणे, कामचुकारपणा करणे.

त्यातला 'मूर्ख' हा शब्द जासुदाने आणला नव्हता. 'काम टाळण्यासाठी' हेही कोणी सांगितले नव्हते. पंडिताने ते आपल्या पदरचे घातले, वाक्य नीट उभे राहावे म्हणून. वाक्य नीट उभे राहिले.

ग्रंथ पुरा झाला. राजा खूश झाला. लेखकांनी चौऱ्यांशी नकला केल्या आणि एकेक नक्कल एकेका गावाच्या चावडीत पोचली.

आता पेव म्हणजे काय, ते लहानांसाठी सांगतो, कारण आजकाल पेव पाहायला मिळत नाही. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले कोठार. कठीण जमिनीत विहिरीसारखा खड्डा खणतात, वर तोंड लहान आणि आत पोट मोठे. आतून कडबा लावतात, त्यात ज्वारी भरतात, तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपून टाकतात. मग वर्ष, दोन वर्षे, चार वर्षे त्याला हात लावत नाहीत. पाऊस रुसला, शेते वाळली, म्हणजेच ते उघडायचे. सगळ्या गावाचा जीव त्या एका तोंडाखाली झाकलेला असतो.

त्या खोऱ्यातल्या गावात पेव राखायचे काम चिमा नावाची एक बाई करत होती. वय चाळिशीच्या आसपास. हैबती हा तिचा बाप. त्याच्यामागे हे काम तिच्याकडे आले, कारण गावात त्याने ते दुसऱ्या कोणाला शिकवले नव्हते.

ग्रंथ आला त्या दिवशी चावडीवर सगळे गाव जमले. पाटील एकेक शब्द वाचून दाखवत होता आणि लोकांना मोठी मजा वाटत होती. आपलेच बोलणे राजाच्या ग्रंथात ऐकायला कोणाला आवडणार नाही? मग पाटलाने ते पान उघडले.

वाचून झाल्यावर लोक हसले. टोपल्या विणणारा रखमाजी सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याला कुठल्याही गोष्टीवर हसू येत असे. "चिमाक्का," तो म्हणाला, "तुझा बाप राजवाड्यात जाऊन बसला की गं. आम्हाला मेलं कोणी विचारत नाही."

चिमा हसली नाही. "पाटील, पुन्हा वाचा," ती म्हणाली.

पाटलाने पुन्हा वाचले.

"माझा बाप मूर्ख नव्हता."

"अगं, लोक म्हणतातच ना तसं."

"लोक दिवा म्हणतात. थट्टेनं म्हणतात. मीही पोरांना म्हणते, लवकर आटपा, हैबतीचा दिवा लावू नका. ते वेगळं. मूर्ख कोण म्हणालं?"

"ग्रंथात आहे."

"ग्रंथाला कोणी सांगितलं?"

पाटलाला राग आला. त्याला उत्तर ठाऊक नव्हते, आणि उत्तर ठाऊक नसलेल्या पाटलाला फार लवकर राग येतो. "हे बघ चिमे," तो म्हणाला, "हा राजाचा ग्रंथ आहे. मोठमोठ्या माणसांनी लिहिलाय. तुझ्या बापाची आम्हाला पण माया होती. पण पेव उघडायचं म्हटलं की दीड दिवस खोळंबा, हे खरं का खोटं? उपाशी पोरं ओट्यावर रडतायत आणि हा बसलाय दोरीला पणती बांधून. आता राजानेच सांगितलंय त्याला काय म्हणायचं ते. यापुढं हे दिवे बंद."

तेव्हा चिमाने भाकरी बांधून घेतली आणि ती राजधानीच्या वाटेला लागली. चार दिवस ती चालली.

पंडित आपल्या ओसरीवर बसला होता. एक धुळीने भरलेली बाई पायरीशी उभी राहिली, तेव्हा त्याला वाटले, काही मागायला आली असेल. एका अर्थी ते खरेच होते.

"पंडितबुवा, हैबतीचा अर्थ तुम्ही लिहिला?"

"मी सगळेच अर्थ लिहिले, बाई."

"मी त्यांची मुलगी."

पंडित जरा अवघडला. त्याने तिला बसायला सांगितले, पाणी दिले. ग्रंथात ज्यांची नावे येतात, त्यांना लेकीबाळी असतात, हा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता.

"बाई, तुमच्या वडिलांचा अपमान करायचा माझा हेतू नव्हता," तो म्हणाला. "पण माझं काम समजून घ्या. मी न्याय करत नाही. लोक ज्या अर्थानं शब्द वापरतात, तो अर्थ मी टिपून ठेवतो. लोक म्हणतात वेळ काढणे, मी लिहिलं वेळ काढणे. यात माझं काय चुकलं?"

खरे सांगायचे तर यात काही चूक नव्हती. हे म्हणणे मला आजही बरोबर वाटते. म्हणूनच ते ऐकले की माझा संताप होतो, कारण बरोबर बोलण्याच्या आड माणूस किती सहज लपून बसतो.

चिमाने पाण्याचे भांडे खाली ठेवले. "वेळ काढणं राहू द्या," ती म्हणाली. "ते लोकांचं आहे. मूर्ख कोण म्हणालं, त्याचं नाव सांगा. मी त्याच्या दारात जाते. तुमच्या दारात बसत नाही."

पंडित जासुदाचे कागद चाळू लागला.

"काम टाळायचा, असं कोण म्हणालं?"

पंडिताने कागद बाजूला ठेवले.

"तुम्ही पेव पाहिलंय?"

"वर्णन वाचलं आहे."

"उघडताना?"

"नाही."

"मग ऐका," चिमा म्हणाली. "बंद पेवात धान्य श्वास घेतं. चार-चार वर्षं घेतं. आतली हवा त्याच्यापायी मरते. मेलेली हवा दिसत नाही, तिला वासही नसतो. ती जड असते, तळाला बसते. माझा आजा असंच पेव उघडून उतरला आणि वर आला नाही. त्याला बघायला थोरला काका उतरला. काकाला काढायला धाकटा काका उतरला. माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे होते, पेवाच्या तोंडाशी उभे होते. ते उतरले नाहीत. त्यांच्या हातात दिवा होता, आत नीट दिसावं म्हणून आणलेला. तो त्यांनी दोरीला बांधून खाली सोडला आणि दिवा विझला. तेव्हापासून जिथं दिवा विझतो, तिथं माणूस उतरायचा नाही. दिवा जळत राहीपर्यंत वाट बघायची. मग दुपार असो नाहीतर काही असो. खोऱ्यातल्या सगळ्या गावांनी त्यांना पेवं उघडायला नेलं. त्यांच्या हातून एक माणूस गेला नाही. लोकांना वाट बघणं तेवढं आठवतं. कोणी मेलं नाही, ते कोणाला आठवणार?"

पंडिताचा चेहरा उतरला. पण तो पुन्हा आपल्या ग्रंथाकडे वळला. "चौऱ्यांशी नकला गेल्या आहेत," तो म्हणाला. "एका शब्दासाठी त्या परत मागवायच्या, तर राजाला काय सांगू? एका बाईनं येऊन सांगितलं म्हणून? मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं."

"मग या पाहायला. यंदा पेरणी दुसऱ्यांदा जळाली, तर पेव उघडेल."

"येईन," पंडित म्हणाला.

त्याने शब्द पाळला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण मधल्या दोन महिन्यांत त्याने एकही पत्र लिहिले नाही. थांबा, अजून खात्री झालेली नाही, एवढी एक ओळ चौऱ्यांशी गावांना पाठवता आली असती. त्याला ती अर्धवट वाटली. शिकलेल्या माणसाला अर्धवट लिहायची फार लाज वाटते. चुकीचे लिहिल्याची वाटत नाही, कारण चूक झाली हे त्याला कळलेले नसते.

पेरणी दुसऱ्यांदा जळाली.

गावात लोक एक वेळ जेवू लागले. मग एक दिवसाआड. शेवटी पेव उघडायचे ठरले आणि पंडितही येऊन पोचला. रीत अशी होती, की आदल्या दिवशी फरशी काढायची आणि पेवाचे तोंड उघडे ठेवून द्यायचे. पण या वेळी पाटलाने चिमाला न विचारताच त्याच सकाळी फरशी काढवली. ती दिवा, वात आणि दोरी घेऊन आली, तेव्हा पेव नुकतेच उघडले होते आणि भोवती सगळे गाव टोपल्या घेऊन उभे होते.

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने पणती पेटवून शिंक्यात ठेवली.

"चिमे, ऊठ," पाटील म्हणाला. "पंडितबुवा राजधानीहून आलेत. त्यांच्यासमोर हा पोरखेळ नको."

"त्यांनाच दाखवायचंय."

"त्यांनी काय लिहिलंय ते गावाला ठाऊक आहे." पाटलाने ग्रंथ सोबतच आणला होता. त्याने पान उघडून मोठ्याने वाचले. मूर्ख. भर दुपारी. काम टाळण्यासाठी. "काय पंडितबुवा, बरोबर वाचलं ना?"

सगळे पंडिताकडे बघू लागले. चिमाही.

पंडिताला बोलता आले असते. थांबा, असा एकच शब्द पुरला असता. त्याच्या मनात आले, की मी इथे पाहुणा. त्याच्या मनात आले, की अजून मी काही पाहिलेले नाही. त्याच्या मनात आले, की इतक्या लोकांसमोर आपणच आपला ग्रंथ खोटा पाडावा तो कसा. आणि तो म्हणाला, "वाचलं तर बरोबर आहे."

पाटलाने फुंकर मारून दिवा विझवला.

रखमाजी टोपली घेऊन पुढे झाला. उतरायचे काम त्याच्याकडेच असे. "राहू दे, चिमाक्का," तो म्हणाला. "देवानं मला दोन दिवे दिलेत कपाळाखाली. तेच घेऊन उतरतो."

"रखमाजी, उतरू नकोस."

"घरात पोरांनी काल चिंचेचा पाला उकडून खाल्ला गं." तेवढे बोलताना तो हसत नव्हता. मग पुन्हा हसला. "तुझ्या बापासारखी वाट बघत बसलो, तर वर तोच भेटायचा."

चिमाने मग वाद घातला नाही. तिने दिव्याची बारीक दोरी टाकली आणि विहिरीचा जाड दोर आणला. "कमरेला बांधू दे," ती म्हणाली. "एवढं तरी ऐक माझं."

"बांध बाई. आईनं करदोटा बांधला होता, त्यानंतर तूच."

तिने दोन गाठी मारल्या. तो शिडीवरून उतरू लागला. "गार आहे गं आत," त्याचा आवाज आला. "उन्हातनं आलं की बरं वाटतंय. पाटील, तुम्हीपण या, जागा आहे. ज्वारी चांगली टिकलीय, वास तर असा की भाकरीच थापावी वा"

वाक्य तिथेच तुटले.

कोणाला काही कळले नाही. लोक पुढच्या थट्टेची वाट पाहत राहिले. मग आत काहीतरी मऊ पडल्याचा आवाज झाला.

रखमाजीचा धाकटा भाऊ ओरडून धावला आणि त्याने शिडीवर पाय ठेवला. त्याच्या आधी चिमा पेवाच्या तोंडावर आडवी पडली होती. आपल्या अंगाने तिने सगळे तोंड झाकून टाकले.

"बाजूला हो, माझा भाऊ आहे तो."

"माझ्या घरचे तिघे असेच गेले," ती म्हणाली. "पहिला धान्यासाठी गेला. पुढचे दोघे आपल्या माणसासाठी गेले. दोर ओढ. हात आहेत ना तुला? मग दोर ओढ."

भावाने दोर धरला. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. चिमा बाजूला सरली आणि त्यांनी रखमाजीला वर घेतला. त्याचा चेहरा निळा पडला होता. चिमाने त्याला वाऱ्यावर निजवले, छाती चोळली, तोंडावर पाणी मारले. पाटील ग्रंथ हातात धरून उभा होता. त्याने तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि शेवटी त्याचाच पंखा करून तो रखमाजीला वारा घालू लागला. त्या ग्रंथाचा त्या दिवशी झालेला उपयोग तेवढाच.

बऱ्याच वेळाने रखमाजीने श्वास घेतला. अजून बऱ्याच वेळाने डोळे उघडले. "टोपली खालीच राहिली का?" तो म्हणाला.

कोणी हसले नाही. भाऊ मात्र तोंडावर उपरणे धरून रडू लागला.

मग चिमाने पणती पेटवली आणि दोरी पंडिताच्या हातात दिली. "तुम्हाला डोळ्यांनी पाहायचं होतं."

पंडिताने दिवा खाली सोडला. पहिल्या हातावर ज्योत सरळ होती. दुसऱ्यावर सरळ होती. आणखी थोडी दोरी सुटली आणि ज्योत बारीक झाली, पिवळ्याची निळी झाली, आणि गेली. वाऱ्याचा मागमूस नव्हता. त्याने दिवा वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला. तीन वेळा सोडला. तिन्ही वेळा तो त्याच जागी विझला, जणू तिथे कोणी ओळ आखून ठेवली होती.

चिमाने लिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधला आणि गावातल्या माणसांनी पाळीपाळीने तो पेवात वर-खाली केला, आतली मेलेली हवा ढवळून निघावी म्हणून. पेव दुसऱ्या दिवसापर्यंत उघडे ठेवले. गाव आणखी एक वेळ उपाशी राहिले आणि कोणी कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी दिवा तळापर्यंत जळत गेला. मग रखमाजीचा भाऊ उतरला आणि ज्वारी वर आली.

इथे गोष्ट संपावी असे तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटते. लहानांना सांगताना मी कधी कधी इथेच थांबलो आहे, आणि नंतर मला त्याची लाज वाटली आहे.

पंडित तसाच राजाकडे गेला. "सगळ्या नकला परत मागवा," तो म्हणाला.

"एका शब्दासाठी?"

"त्या शब्दात एक माणूस होता. मी त्याला मूर्ख म्हटलं. तो माझ्याहून शहाणा होता."

स्वार सुटले. दुष्काळ साऱ्या खोऱ्यात होता, आणि खोऱ्यातल्या गावोगावी हैबतीने कधीकाळी पेवे उघडून दिली होती, दिवा शिकवला होता. स्वार परतले तेव्हा ग्रंथ घेऊन आले आणि बातमीही. एका गावात तिघे गेले होते. दुसऱ्या गावात दोघे. तिथल्या म्हाताऱ्यांनी दिवा आणला होता. पण चावडीवर ग्रंथ वाचला गेल्यापासून तरण्या माणसांना दिव्याची शरम वाटू लागली होती. आपल्याला कोणी हैबती म्हणू नये, म्हणून ते दिव्याशिवाय उतरले. त्या गावांत चिमा नव्हती आणि कमरेला दोर नव्हता.

पाच माणसे. त्यांना कोणी तलवारीने मारले नाही. त्यांना एका नीट उभ्या राहिलेल्या वाक्याने मारले. आणि ज्याने ते वाक्य लिहिले, त्याला शिक्षा द्यायला राज्यात एकही कायदा नव्हता, कारण अर्थ चुकीचा लिहिणे हा गुन्हा असतो असे कोणत्याही राजाला कधी सुचलेले नाही.

पाटलाला राजाने पाटीलकीवरून काढले. पंडिताला त्याने विचारले, तुला काय शिक्षा देऊ? पंडित म्हणाला, "मला बैठकीवर बसू देऊ नका." त्यानंतर तो गावोगाव पायी फिरला. प्रत्येक बोलणे तो त्या कामाच्या माणसाकडे जाऊन विचारी, आणि ज्याचे मूळ कळणार नाही, तिथे लिही, की मला ठाऊक नाही. त्याच्या नव्या ग्रंथात असे सुमारे दोनशे शब्द होते असे म्हणतात. हैबतीच्या दिव्याचे पान त्याने पुन्हा लिहिले: आत उतरण्यापूर्वी आत जीव राहतो की नाही, ते पाहणे. हा अर्थ हैबतीची मुलगी चिमा हिने सांगितला. आणि खाली त्याने पाच नावे लिहिली.

ते पान घेऊन तो चिमाकडे गेला. वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"शब्द परत आला," ती म्हणाली. "त्यांचं काय?"

पंडिताने पान मिटले. चिमाने त्याला भाकरी वाढली, कारण तो दारात आलेला माणूस होता. पण ती त्याच्याशी पुन्हा बोलली नाही, आणि मला वाटते, तिचे बरोबर होते.

म्हणून लहानथोरहो, कोणाच्या नावाने हसण्यापूर्वी, त्या नावाने कोणाचा जीव वाचला, ते त्याच्या माणसांना विचारावे.

मला बरीच वर्षे शंका होती, की दिव्याचा भाग कोणीतरी गोष्टीसाठी रचला असेल. पुढे उतारवयात, एका खेडेगावात कित्येक वर्षे बंद असलेले एक पेव उघडताना मी हजर होतो. मी दिवा मागितला तेव्हा लोक हसले. पेव चौदा हात खोल होते. दिवा पाचव्या हाताशी विझला, आणि वारा अजिबात नव्हता.